बोरमाळच्या पेटीतले पान

शनिवार, १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी भारतातून सूर्यग्रहण दिसले. कारवारपासून पुरीपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते आणि नाशिक जिल्ह्यात खंडग्रास. हे कोणत्याही जुन्या पंचांगात किंवा त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात पडताळून पाहता येते. यापुढील मजकुराला इतका भक्कम आधार नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

मजकूर मुख्यतः दोन माणसांच्या सांगण्यावर उभा आहे. एक शकीलाबी. त्या बोरमाळच्या द्राक्षशेडमध्ये कामाला होत्या आणि आता मनमाडला मुलाकडे असतात. दुसरे कारभारी अण्णा. शेड त्यांच्याच बागेच्या कडेला होती. बोरमाळ चांदवड तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यापासून थोडे आत आहे. गावाचे नाव बदलले आहे. दोघांच्या सांगण्यात जेथे मेळ बसला तेथे ते तसेच घेतले आहे. जेथे बसला नाही तेथे तसे लिहिले आहे. ज्यांच्याविषयी हे लिहायचे त्या विमलाबाई पगारे यांची साक्ष मात्र मिळू शकली नाही. १९८६ च्या उन्हाळ्यात त्या वारल्या.

विमलाबाईंचे बालपण देवळाली कॅम्पात गेले. त्यांची आई तोफखान्यातील एका मेजरच्या बंगल्यावर कामाला होती, आणि विमलाबाईही लहान वयातच तेथे भांड्यांना लागल्या. त्या बंगल्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली, मोडकेतोडके पण अतिशय ठणठणीत इंग्रजी. दुसरी, कोणतेही काम रांगेत उभे राहूनच सुरू होते आणि रांगेत उभे राहूनच संपते, ही पक्की समजूत. तिसरी गोष्ट घरची होती. आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या नकळत्या नव्हत्या. घरातले देव वडिलांनी टोपलीत घालून दारणेला नेले तेव्हा टोपली आपल्या डोक्यावर होती, असे त्या अभिमानाने सांगत. लग्नानंतर त्या बोरमाळला आल्या. यजमान सहादू मनमाड स्टेशनात खलाशी होते आणि सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरने घरी येत. गावात असे म्हणत की सहादूला सुट्टी मिळते ती रेल्वेकडून, विमलाबाईंकडून नाही.

१९७८ च्या सुमारास बोरमाळमध्ये परदेशी मदतीचा एक कार्यक्रम आला. त्याचे नाव इतके लांब होते की गावाने ते वापरण्याचा प्रयत्नच केला नाही. त्या लोकांना सरळ ‘पेटीवाले’ म्हणत. पेटीवाल्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: नाशिकचे द्राक्ष चवीत कोणाला हार जाणारे नाही, ते हरते पेटीत. तोपर्यंतची रीत म्हणजे लाकडी खोक्यात वर्तमानपत्राच्या कातरणांवर घड दाबून बसवायचे आणि झाकण बसत नसेल तर त्यावर गुडघा टेकवून खिळे मारायचे. मुंबईच्या बाजाराला ते चाले. पण परदेशात चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांशेजारी हे खोके उघडले की गिऱ्हाइकाला रस आधी दिसे आणि द्राक्ष नंतर. तेव्हा शेतकऱ्याला स्पर्धेत उतरवायचे, तर आधी बायांचे हात बदलले पाहिजेत.

हे हात बदलण्यासाठी हॉलंडहून ब्राउअर नावाचे गृहस्थ आले. उंच, अर्ध्या चड्डीतले, उन्हाने लालबुंद. गावाने दोनच दिवसांत त्यांना बर्वेसाहेब करून टाकले. चांदवडच्या एका वकिलांनी ‘हे बर्वे नक्की कुठले’ अशी आपुलकीने चौकशी केली होती, असे कारभारी अण्णा सांगतात. याला दुजोरा मिळालेला नाही.

बर्वेसाहेबांचे नियम थोडे पण कडक होते. घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लावायचे नाही. मण्यांवरची पांढरट झाक पुसली गेली तर तो घड बाद. खराब मणी ओढायचा नाही, बारीक कात्रीने कापायचा. पांढरा अंगरखा आणि कागदी टोपी सक्तीची. आणि सर्वांत महत्त्वाचे, पेटीत द्राक्ष आणि कागद यांखेरीज काहीही जाता कामा नये; काडी नको, केस नको, द्राक्षाचे पानसुद्धा नको. पेटीला चिकटपट्टी एकदा लागली की ती पेटी उघडायची नाही. उघडलेली पेटी म्हणजे, त्यांच्या शब्दांत, ‘डेड बॉक्स’.

साहेबांचे बोलणे बायांपर्यंत पोचवायला एक माणूस हवे होते. त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारले आणि शेडच्या मागच्या रांगेतून “येस सर, ऑल अंडरस्टँड” असा खणखणीत आवाज आला. विमलाबाईंना काय समजले होते याविषयी मतभेद आहेत. पण त्या दिवसापासून त्या शेडच्या सुपरवायझर झाल्या.

त्यांनी शेडचा पलटणीसारखा कारभार केला. सकाळी “फॉल इन”, जेवणाच्या सुट्टीला “अॅट ईज”, संध्याकाळी “डिसमिस”. पहिल्या दिवशी ‘डिसमिस’ ऐकून चंद्रभागा नावाची नवी सून रडत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिला वाटले कामावरून काढले. विमलाबाईंना तिच्या सासूची समजूत घालायला जावे लागले. त्यानंतर त्या ‘डिसमिस’च्या पाठोपाठ “म्हणजे घरी जा, उद्या या” असे जोडू लागल्या, आणि ते सगळे मिळून एकच हुकूम आहे अशी बायांची समजूत झाली.

शेडमध्ये त्यांना आडवे येणारे एकच माणूस होते, मालनबाई. मालनबाई वयाने मोठ्या, जुन्या घरच्या, निम्म्या बायांच्या नात्यातल्या. टोपी पदराखाली घालायची की पदरावर, यावर त्या साहेबांशी सकाळभर वाद घालून जिंकल्या होत्या. विमलाबाईंचा हुकूम त्या पाळत, पण आधी आभाळाकडे पाहून, जणू हुकूम तिकडूनच आला आहे. दोघींचे बोलणे कामापुरते. पाण्याचे माठ शेडमध्ये दोन होते, आणि दोन का होते हे साहेबांना कोणी समजावून सांगितले नाही.

आता १९८० च्या हंगामात पणाला काय लागले होते ते सांगितले पाहिजे. तोवर नुसती शिकवणूक चालली होती. त्या वर्षी पहिला नमुन्याचा माल विमानाने परदेशी जायचा होता. तो पसंत पडला, तर शेड कायमची होणार होती आणि सुपरवायझरची जागा वर्षभराच्या पगाराची. नापसंत झाला, तर पेटीवाले आपला गाशा दुसऱ्या तालुक्यात हलवणार होते. विमलाबाईंनी निकालाची वाट पाहिली नाही. त्यांनी चांदवडच्या रंगाऱ्याकडून निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘सौ. विमलाबाई सहादू पगारे, सुपरवायझर’ असे रंगवून आणले आणि ती पाटी जुन्या लुगड्यात गुंडाळून घरात भिंतीकडे तोंड करून उभी केली. गावात हे सगळ्यांना माहीत होते. त्यांच्या वस्तीतल्या एकाही बाईच्या नावाची पाटी तोवर कोणत्याही भिंतीवर लागलेली नव्हती. पुरुषांच्याही फारशा नव्हत्या.

विमानातली जागा शनिवारच्या उत्तररात्रीची मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी कारभारी अण्णा पंचांग काखेत धरून शेडवर आले.

“बाई, उद्या गरहन हाय,” ते म्हणाले. “अवस हाय. वर शनवार.”

“मंग?”

“मंग बाया येतील का?”

“सूर्याला लागनार हाय ना, अण्णा? का पेट्यांना लागनार हाय?”

“तसं नव्हं. साहेबाला सांगून दोन रोज पुढं ढकलू. समजून घेईल तो.”

“इमान काय आपल्या लियाकतचा ट्रक हाय, हात केला की थांबायला?” विमलाबाई म्हणाल्या. लियाकत म्हणजे शकीलाबींचे यजमान. माल मुंबईला नेण्याचे काम त्यांच्याकडे होते.

बर्वेसाहेब तेथेच होते. त्यांनी काही अडचण आहे का, असे विचारले. शकीलाबींना ते उत्तर अजून पाठ आहे: “नो प्रॉब्लेम, साहेब. सन इज सन, लेडीज इज लेडीज. ऑल प्रेझेंट.”

ही चूक होती, आणि ती विमलाबाईंची होती. ग्रहण त्यांच्या हिशेबात थोतांड होते, त्यामुळे ते इतरांच्या हिशेबातही येणार नाही असे त्यांनी धरून चालले. कॅम्पातल्या शिस्तीवर त्यांचा विश्वास जरा जास्तच होता.

शनिवारी सकाळी सगळे सुरळीत झाले. गार हवेत घड उतरवले, शेडमध्ये आणून मांडले. देठ थोडे मऊ पडले म्हणजे मणी गळत नाहीत, म्हणून साहेबांच्या पद्धतीप्रमाणे घडांना दुपारपर्यंत विसावा द्यायचा होता. बांधणी त्यानंतर. ग्रहणही त्यानंतर.

दुपारी विमलाबाईंनी “फॉल इन” म्हटले. बाया रांगेत उभ्या राहिल्या, पण शेडच्या बाहेर. आत आल्या त्या शकीलाबी आणि विमलाबाईंच्या वस्तीतल्या दोघी. बाकीच्या जमिनीवर बसल्या आणि मालनबाईंनी अंगरख्याच्या खिशातली कात्री काढून समोर ठेवली. त्यांच्यामागे एकेक करून सगळ्यांनी ठेवल्या.

“हे काय?” विमलाबाईंनी विचारले.

“गरहनात कापाकापी नाय,” मालनबाई म्हणाल्या. “ही चंद्रभागा पोटुशी हाय. तिच्या लेकराचा कान तुटका निघाला तर तुझा साहेब शिवून देनार का?”

“कान घडाला असतो का देठाला?” विमलाबाई म्हणाल्या. “पोराचा काय संबंध?”

“संबंध तुला नाय दिसायचा. तुमच्यात गरहन नाय.”

“आमच्यात हाय,” आतून शकीलाबी म्हणाल्या. “आमच्यात नमाज असते गहनाची. पण कैचीचं काय लिहिलेलं नाय.”

या सुमारास ग्रहण लागले. शेडचे पत्रे जुने, एका बंद पडलेल्या तंबू-सिनेमाच्या कुंपणाचे घेतलेले होते आणि खिळ्यांच्या भोकांनी भरलेले होते. एरवी त्या भोकांतून उन्हाचे गोल कवडसे पडत. सूर्य कातरला तसे कवडसेही कातरले. टेबलांवर उघड्या मांडून ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र पेट्यांमध्ये, प्रत्येक पेटीत दोन-चार, अशा बारीक चंद्रकोरी दिसू लागल्या. भोकातून येणारा प्रकाश सूर्याचे चित्र काढतो हे शास्त्र सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वेळी ते शेडमधल्या कोणाच्या कामाचे नव्हते.

“एवढे चांद,” शकीलाबी म्हणाल्या. “कोणता धरून ईद करायची?”

मालनबाई दारात आल्या, पेट्यांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “घुसलं. गरहन पेटीत घुसलं. आता हे फळ कोन खाईल?”

विमलाबाईंनी ‘थोतांड’ म्हणून हात झटकावा, तर ते डोळ्यांदेखत पेटीत पडलेले. शिवाय ज्यांचे हात हवे होते त्या सगळ्या जमिनीवर बसलेल्या. बाहेर लियाकतनी ट्रकची ताडपत्री सोडायला सुरुवात केली होती.

मालनबाई अडवणूक करत नव्हत्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्यांच्याजवळ उपाय होता. ग्रहणात घरातल्या दुधादह्यावर, पाण्याच्या हंड्यावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीचे पान ठेवतात. मग त्या वस्तूला दोष लागत नाही. तसे प्रत्येक पेटीत एकेक पान ठेवावे. कात्रीचे काम शकीला आणि वस्तीतल्या दोघींनी करावे, बाकीच्या घड मांडतील, चंद्रभागा पाय सरळ ठेवून कागद मोजून देईल. ग्रहण सुटले की पाने काढून घ्यायची.

“माझ्या शेडमध्ये तुळस यायची नाय,” विमलाबाई म्हणाल्या.

“मंग आम्ही पन यायच्या नाय.”

“साहेब पेटीत द्राक्षाचं पान घालू देत नाय, आन् तुळशीचं देईल?”

“साहेब कुठं हाय इथं?”

हे खरे होते. बर्वेसाहेब चांदवडच्या लोखंडी फाटके बनवणाऱ्याकडून वेल्डिंगची काळी काच घेऊन बागेच्या टोकाला गेले होते आणि मान वर करून सूर्य पाहत होते. बायांचे त्यांच्याविषयी एकमत होते की संध्याकाळपर्यंत आंधळा होतो.

बाहेर लियाकतनी ट्रकचा कर्णा वाजवला. मग विमलाबाई म्हणाल्या, “धर्माचं म्हनून नाय. वासाचं म्हनून. द्राक्षाला वास चांगला येतो.”

“वासाचं तर वासाचं,” मालनबाई म्हणाल्या.

“मंग जा, आना तोडून.”

कोणी उठले नाही. अडचण आता वेगळीच होती. अमावास्येला तुळस तोडत नाहीत, ग्रहणात तर नाहीच. ठेवायचे पान आदल्या दिवशी तोडून ठेवतात, आणि प्रत्येकीने ते आपापल्या घरच्या हंड्यांपुरतेच तोडले होते. पेट्यांना पान पाहिजे आणि पान तोडायला मनाई. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग सगळ्या मिळून विमलाबाईंकडे पाहू लागल्या.

“तुला काय,” मालनबाई म्हणाल्या. “तुमच्यात कुठं पाप हाय त्याचं.”

अशा रीतीने बोरमाळच्या इतिहासातला हा प्रसंग घडला: पांढरा अंगरखा, कागदी टोपी आणि हातात साहेबांची द्राक्षाची परडी, अशा थाटात विमलाबाई भर ग्रहणात दारोदार तुळशी ओरबाडत फिरल्या. घरोघरी दारे लावलेली होती. मागे काही पावलांवर, जमिनीकडे पाहत, घरमालकिणी चालत होत्या आणि कोणती फांदी घ्यायची ते न बघता सांगत होत्या. जाण्यापूर्वी विमलाबाईंनी कारभारी अण्णांना हुकूम दिला होता, “साहेबाला सूर्य नीट दाखवा. घाई नका करू.” अण्णांनी तो पाळला. ते स्वतः ग्रहण पाहत नसत, म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन सूर्याकडे पाठ करून उभे राहिले आणि साहेब काही म्हणाले की “व्हय, व्हय, अजून हाय” असे म्हणत राहिले.

सगळ्यांत मोठी तुळस मालनबाईंच्या अंगणात होती. त्या अंगणाच्या फाटकाच्या आत विमलाबाई कधी गेल्या नव्हत्या. का, हे बोरमाळमध्ये कोणी विचारत नसे. त्या दिवशीही त्या फाटकाशी थांबल्या. शकीलाबी परडी धरायला सोबत होत्या, त्यामुळे पुढचे बोलणे त्यांचे ऐकलेले आहे.

“ये की आत,” मालनबाई पाठमोऱ्या म्हणाल्या. “गरहनात सगळंच इटाळतं. तू आलीस म्हनून काय निराळं व्हायचंय.”

विमलाबाई आत गेल्या, तुळशीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मंग सालभर गरहन असू द्या की, मालनबाई.”

मालनबाई एवढेच म्हणाल्या, “मंजुळा सोड, तुरे नको. पानंच घे.”

बांधणी झाली, आणि कारभारी अण्णा म्हणतात, इतकी चांगली त्या शेडमध्ये आधी कधी झाली नव्हती. एका घडाला दोघी-तिघींचे हात लागायचे ते बंद झाले. कापणाऱ्या कापत होत्या, मांडणाऱ्या मांडत होत्या, आणि कोरींनी भरलेल्या अर्धवट उजेडात फक्त कात्र्या वाजत होत्या. मालनबाई प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात एकेक पान ठेवत पुढे सरकत होत्या. एक पेटी मात्र विमलाबाईंनी स्वतः बांधली. “हिच्यात पान नाय,” असे त्या मोठ्याने म्हणाल्या, घड मांडले, कागद टाकला, चिकटपट्टी लावली आणि पेटी इतरांत ठेवली. शेडमध्ये तुळस आली तरी आपली एक पेटी कोरी राहिली, एवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली होती.

ग्रहण सुटण्याआधीच बर्वेसाहेब परत आले. त्यांना कदाचित अण्णांच्या पाठीचा कंटाळा आला असावा. सगळ्या पेट्या बंद, चिकटपट्ट्या हातांच्या सवयीने लागून गेलेल्या आणि सरळ, टेबले रिकामी. साहेबांना भरून आले. त्यांनी विमलाबाईंचा हात हातात घेऊन हलवला. विमलाबाईंचे लक्ष पेट्यांकडे होते. पाने काढायची राहिली होती.

“साहेब, ओपन अगेन,” त्या म्हणाल्या. “ओन्ली वन मिनिट.”

“नो, नो. डेड बॉक्स,” साहेब हसून म्हणाले. हा नियम विमलाबाईंनीच वर्षभर बायांना इतक्या वेळा ऐकवला होता की मागून दोघी-तिघी तो साहेबांबरोबरच म्हणाल्या. दिवेलागणीपूर्वी लियाकतचा ट्रक तुळशीसकट मुंबईच्या रस्त्याला लागला. गावाने अंघोळी केल्या.

पुढचे दिवस विमलाबाईंना कठीण गेले असावेत. सुपरवायझरने स्वतः नियम मोडला होता; पान सापडले की माल नापसंत, शेड बंद आणि पाटी लुगड्यातच. सहादू सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी पाटीकडे पाहून सुचवले, “चुलीत घाल. लाकूड चांगलं सुकं हाय.” त्या आठवड्यात त्यांना मनमाडला एक गाडी आधी जावे लागले, असे शकीलाबी म्हणतात.

मार्चमध्ये एका दुपारी जीप आली. बर्वेसाहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. आत वाळून काळे पडलेले पान होते.

“हू?” साहेबांनी विचारले.

मग विमलाबाई टाचा जुळवून पुढे आल्या. “आय, साहेब. ओन्ली आय. लेडीज नो फॉल्ट.”

“तिचं काय ऐकता,” मालनबाई मराठीतच साहेबांना म्हणाल्या. “पान माझ्या दारचं हाय. मी ठेवलं.”

“तुम्ही गप बसा. शेड माझी हाय.”

“तुळस माझी हाय.”

“साहेब, दोघीबी नाय,” शकीलाबी म्हणाल्या. “गहन ने डाला.”

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि सावकाश सांगितले. माल पोचला होता. काही देठ वाळले, थोडे मणी गळले, भाव मध्यम आला. पण घेणाऱ्याने माल ठेवून घेतला होता आणि आणखी मागितला होता. त्याने लिहिले होते की पेटी उघडताच वास येतो, तो दुकानात गिऱ्हाइकांना आवडला, आणि हे पान पुढच्याही पेट्यांत असावे. तेव्हा आता नियम बदलला होता: द्राक्ष, कागद आणि कोपऱ्यात एक पान.

विमलाबाईंनी ते बायांना मराठीत सांगितले. लगेच मालनबाई म्हणाल्या, “मी मघाच म्हनलं, पान माझं हाय.” यावेळी विमलाबाईंनी वाद घातला नाही. त्यांना वेगळीच शंका आली होती.

“साहेब, वन बॉक्स नो लीफ,” त्या म्हणाल्या. “माय बॉक्स.”

“नो, विमला. एव्हरी बॉक्स,” साहेब म्हणाले. “दे चेक्ड. एव्हरी बॉक्स हॅड वन.”

विमलाबाईंनी मालनबाईंकडे पाहिले. मालनबाई पदरावरची टोपी नीट करत होत्या.

पाटी त्याच संध्याकाळी लागली. अण्णांचे म्हणणे होते की आत लावावी. विमलाबाईंनी ती रस्त्याच्या बाजूला, समोरून जाणाऱ्या एसटीतून वाचता येईल अशी लावली. शेडच्या मागे तुळशीचा वाफा झाला. अमावास्या, द्वादशी वगैरे निषिद्ध दिवशी माल निघायचा असला की पाने तोडण्याचे काम सुपरवायझरांकडे असे, आणि मालनबाई पाठमोऱ्या उभ्या राहून “मंजुळा सोड” म्हणत. माठ दोनच राहिले. मात्र त्यांतला एक फुटल्यावर दुसरा आणला गेला नाही. तो कोणत्या साली फुटला हे दोघांनाही आठवत नाही. परदेशी कार्यक्रम १९८३ मध्ये संपला. शेड गावच्या सहकारी संस्थेने चालवली आणि विमलाबाई शेवटपर्यंत तेथे सुपरवायझर होत्या. त्यांच्या शोकसभेत कोणीतरी सवयीने ‘डिसमिस’ म्हटले, असे शकीलाबी सांगतात. अण्णांना ते मान्य नाही.

काही गोष्टी अजून कळलेल्या नाहीत. माल पसंत पडला तो बांधणीमुळे की पानामुळे, हे सांगता येत नाही. फळासोबत पान गेले असता तेथील तपासणीत हरकत कशी निघाली नाही, तेही समजत नाही. ब्राउअर यांचा पत्ता मिळालेला नाही. आणि विमलाबाईंनी स्वतः बंद केलेल्या पेटीत पान कोणी घातले, हे ठरवता आलेले नाही. मालनबाईंना विचारले असता त्यांनी “चिकटपट्टी लावलेली पेटी मी उघडीन का” असा उलट प्रश्न केला. शकीलाबी म्हणतात मालनबाईंनीच. अण्णा म्हणतात, विमलाबाईंनी. दोघांपैकी कोणीही ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही.